रानातले बालपण आणि वन्यजीवनाचे वाङ्मय

वन्यजीवनावर लिहिणाऱ्या लेखकाचा परिचय करून देताना मराठी समीक्षा एक वाक्य जवळजवळ सवयीने लिहून जाते: लेखकाचे बालपण खेड्यात, रानामाळात गेले, साहजिकच पशुपक्ष्यांविषयीचे प्रेम त्याच्या मनात तेव्हापासूनच रुजले. या वाक्यात खोटे काही नाही. मात्र विचाराला जेथून आरंभ व्हावयास हवा, तेथेच ते थांबते. खेड्यात लहानाची मोठी झालेली माणसे या देशात कोटींनी मोजावी लागतील. त्यांतून वन्यजीवनाचे लेखक बोटांवर मोजण्याइतकेच निपजले. रानातल्या बालपणाने प्रेम आपोआप रुजत असते, तर असे का व्हावे? आणि जे थोडे लेखक निपजले, त्यांना त्या बालपणाकडून मिळाले तरी काय? या प्रश्नांची उत्तरे केवळ चरित्रात सापडणार नाहीत. ती ग्रंथांच्या घडणीत शोधावी लागतील. कारण बालपणाचा संस्कार लेखकाच्या आठवणींत जितका असतो, त्याहून अधिक तो त्याच्या पाहण्याच्या आणि सांगण्याच्या रीतीत असतो.

खेड्यातील मुलाचे रानाशी असलेले नाते प्रथम जसे असते तसे पाहिले पाहिजे. गुरे वळणारा, मेंढरांमागे हिंडणारा, पाखरे राखण्यासाठी पिकात उभा राहून गोफण फिरवणारा मुलगा प्राण्यांकडे कुतूहलाने पाहतो खरा. पण त्या कुतूहलाला भूक, भीती आणि खेळ चिकटलेले असतात. ससा कोणत्या वाटेने येतो हे त्याला ठाऊक असते, कारण त्या वाटेवर फासा लावायचा असतो. तित्तर ठाऊक असतो तो त्याच्या मांसासाठी. लांडगा ठाऊक असतो तो कोकरू उचलून नेतो म्हणून. टिटवीच्या ओरडण्यातला फरक ऐकून तिची अंडी उघड्या माळावर कोठे असावीत, याचा तो अदमास बांधतो. या ज्ञानात हळवेपणाला जागा नाही, आणि त्याची अचूकता बऱ्याच अंशी त्यामुळेच आली आहे. माग चुकीचा वाचला तर मेंढरू जाते. पाल्यातली सळसळ कोणाची हे न कळले तर पायाला साप डसतो. अज्ञानाची किंमत जेथे अशी रोकडी मोजावी लागते, तेथे नजर तयार होते. तेव्हा या बालपणाच्या देणगीला 'प्रेम' म्हणणे ढोबळ ठरेल. तिचे खरे नाव 'ओळख' असे आहे. आस्था ही त्यापुढची अवस्था होय, आणि ती सर्वांच्या वाट्याला येत नाही.

ओळखीचे आस्थेत रूपांतर कसे होते, यावर फार प्रामाणिक प्रकाश टाकणारा ग्रंथ म्हणून जिम कॉर्बेट यांच्या 'जंगल लोअर'चा निर्देश करावा लागेल. कॉर्बेट यांचा जन्म १८७५ साली नैनिताल येथे झाला. हिवाळ्यात त्यांचे कुटुंब डोंगरपायथ्याच्या कालाढुंगीला राहावयास येई, आणि मुलाचे खरे शिक्षण तेथल्या जंगलात झाले. १९४७ साली ते भारत सोडून केनियात गेले. हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. लेखक सत्तरी ओलांडलेला आणि जंगल समुद्रापलीकडे राहिलेले. अशा अवस्थेत स्मृतीने बालपणाला सोन्याचा मुलामा दिला असता तरी कोणी दोष दिला नसता. कॉर्बेट तो मोह टाळतात. त्यांच्या बालपणाच्या पायऱ्या या हत्यारांच्या पायऱ्या आहेत: आधी गलोल, मग गोळ्या मारण्याचे धनुष्य, मग एक नळी फुटलेली जुनी ठासणीची बंदूक. हत्यार जितके दुबळे, तितके प्राण्याच्या अधिक जवळ जाणे मुलाला भाग पडते. आणि जवळ जावयाचे तर पाऊल न वाजविता चालणे, वाऱ्याची दिशा राखणे, पक्ष्यांच्या आणि वानरांच्या इशाऱ्यांचा अर्थ लावणे हे सारे शिकावे लागते. जे कान मारण्यासाठी तयार झाले, तेच पुढे ऐकण्यासाठी उरले. उत्तरायुष्यात कॉर्बेट यांनी कॅमेराही हाती घेतला, आणि १९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाशी त्यांचा निकटचा संबंध होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु गलोलवाल्या मुलाला ते पापी ठरवीत नाहीत, की संतही ठरवीत नाहीत. तो विद्यार्थी होता, एवढेच ते सांगतात. या ग्रंथाचे वाङ्मयीन बळ या संयमात आहे.

सालिम अली यांचे उदाहरण वेगळ्या दिशेने येऊन याच मुद्द्याला भिडते. १८९६ साली जन्मलेल्या या पक्षिशास्त्रज्ञाचे बालपण मुंबईत, खेतवाडीतील एका मोठ्या कुटुंबात गेले. खेडे त्यांच्या वाट्याला आले ते सुट्टीपुरते. त्या काळी झाडीने वेढलेल्या चेंबूरला कुटुंब सुट्टीत राहावयास जात असे. हातात छऱ्यांची बंदूक होती आणि चिमण्या टिपणे हा खेळ होता. अशीच टिपलेली एक चिमणी नेहमीची निघाली नाही. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तिचे नाव विचारण्यासाठी हा मुलगा १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्याच्यापुढे पक्ष्यांच्या नमुन्यांचे खण उघडले. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राला त्या पडलेल्या चिमणीचेच नाव मिळाले आहे. या घटनेतील कळीची बाब बंदूक ही नाही, आणि चेंबूरची झाडीही नाही. चिमणी ही त्या मुलाला पूर्ण ठाऊक असलेली वस्तू होती, आणि एके दिवशी ती अनोळखी निघाली, हा खरा प्रसंग आहे. आस्थेचा जन्म ओळखीत पडलेल्या अशा खंडातून होतो.

प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे हाती लागते. खेड्यातील बहुसंख्य मुलांची रानाशी असलेली ओळख उपयोगाच्या वर्तुळात इतकी पूर्ण असते की, तिच्यात खंड पडण्याचे कारण घडत नाही. वर्तुळातून बाहेर पडणे ज्याच्या नशिबी येते, त्यालाच मागे वळून ते वर्तुळ दिसते. बाहेर पडण्याची कारणे निरनिराळी असतील: शहर, शाळा, नोकरी, दुष्काळ, एखादे पुस्तक, किंवा मारलेल्या जनावराकडे पाहताना आलेली अस्वस्थता. मात्र नुसते बाहेर पडणेही पुरेसे नाही. बाहेर पडताना ती ओळख बरोबर न्यावी लागते. ही दोन्ही अंगे ज्या ग्रंथात एकमेकांना तोलून धरतात तो ग्रंथ श्रेष्ठ ठरतो. एकाने दुसऱ्याला गिळले की लेखन एक तर शिकारकथा होते, नाही तर हळवे निसर्गगान.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्या वाङ्मयाचा विचार या कसोटीवर करणे फलदायी ठरेल. त्यांचा माणदेश हा अपुऱ्या पावसाचा, उघड्या माळांचा मुलूख. मराठीत 'रान' हा शब्द शेतालाही चालतो आणि जंगलालाही चालतो. माणदेशात या दोन अर्थांत फारसे अंतरच उरत नाही. ज्या वाटेने मेंढरे जातात त्याच वाटेने लांडगा येतो. ज्या ताटव्यात ज्वारी उभी आहे त्याच ताटव्यात ससा दडलेला असतो. माणसांचा प्रदेश येथे संपला आणि प्राण्यांचा प्रदेश येथे सुरू झाला, अशी रेघ त्या मुलखातील मुलाच्या मनात ओढली जात नाही. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'बनगरवाडी'त ही रेघ कोठेही आढळत नाही, याचे कारण हेच असावे. धनगरांच्या त्या वस्तीत आलेल्या तरुण शिक्षकाला शाळा भरविता येईना, कारण मुले मेंढरांमागे रानात जातात. शाळा आणि रान एकाच मुलावर हक्क सांगत असतात. निसर्गवर्णन म्हणून वेगळे काढून दाखविता येतील असे उतारे या कादंबरीत फार थोडे आहेत. पाऊस, गवत, मेंढरे, कुत्री ही वस्तीच्या जगण्यातच मिसळलेली आहेत, आणि अखेरीस दुष्काळ जेव्हा वस्ती रिकामी करतो, तेव्हा माणसे आणि जनावरे एकाच संकटाने हाकलली जातात. येथे प्राण्यांविषयी 'आस्था' अजून वेगळी झालेली नाही. येथे आहे ती निखळ ओळख, आणि तिच्यावर लेखकाने अतिशय संयमाने ठेवलेला हात.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९८२ साली, 'सत्तांतर' आली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. दरम्यान माणदेशचा हा मुलगा पुण्यात आकाशवाणीवर नोकरीला लागला होता. शिकारीची हौस बाळगणारा माणूस रेखाटनाची वही घेऊन नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करू लागला होता. रेघ ओढली गेली होती. आता जंगल ही जाऊन पाहावयाची जागा होती. 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष आहे. शीर्षकामुळे अनेकांनी तिला राजकीय रूपककथा मानले, आणि तसे वाचण्यास ती आडकाठीही करीत नाही. तथापि त्या वाचनात कादंबरीचे मुख्य सामर्थ्य हातचे निसटते. ही वानरे माणसांचे मुखवटे घालून आलेली नाहीत. त्या काळात शास्त्रज्ञही याच प्राण्याकडे नव्याने पाहू लागले होते. धारवाडच्या परिसरात १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी, आणि पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी, टोळीवर नवा नर आला की तो आधीच्या नराच्या पिलांवर उठतो, हे नोंदविले. हर्डी यांचा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला. माडगूळकरांची कादंबरी अशा कठोर सत्यांच्या जगात वावरते आणि त्यांना मानवी नीतीची पांघरुणे घालीत नाही.

हे धैर्य कोठून आले? केवळ शास्त्रीय वाचनातून ते येत नाही. टोळीतील प्रत्येक वानर वेगळे करून दाखविण्याची या कादंबरीची जी पद्धत आहे, शरीराच्या खुणेवरून किंवा स्वभावाच्या खोडीवरून जनावराला नाव देण्याची, ती मूळची मेंढक्याची पद्धत होय. शेकडो मेंढरांच्या कळपात एकेक मेंढरू धनगर अशाच खुणेने ओळखतो. परक्या डोळ्याला जेथे नुसता कळप दिसतो, तेथे त्याला व्यक्ती दिसतात. आणि व्यक्ती दिसत असूनही तो हळवा होत नाही, कारण त्यांतले एखादे उद्या विकावे लागणार असते, एखादे मरणार असते. नागझिऱ्याच्या पाहुण्याला वानरे दिसली ती माणदेशातल्या मुलाच्या डोळ्यांनी. प्रौढ वयातील कुतूहलाने विषय पुरविला, बालपणातील ओळखीने दृष्टी पुरविली. मराठीत प्राण्यांवरील लेखन पुष्कळ झाले असले, तरी या दोन काळांचा इतका बेमालूम सांधा क्वचितच जुळला आहे.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची वाट याहून निराळी. त्यांचा जन्म सोलापूरचा, म्हणजे गिरण्यांच्या शहरातला. रानाची गोडी त्यांना लागली ती आईकडून आणि मामाकडून, त्यांच्याबरोबर हिंडताना आणि त्यांच्या तोंडून ऐकताना. म्हणजे त्यांच्या बालपणात रान हे काही अंशी आधीच कथा होऊन आले होते. पुढे कोइमतूरला वनशास्त्राचे शिक्षण, वनखात्यातील दीर्घ सेवा, कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणचे वास्तव्य आणि संस्कृत ग्रंथांचा अभ्यास यांतून त्यांचे लेखन आकारले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'रातवा' आणि २००५ सालचे 'चकवा चांदण' हे आत्मचरित्र वाचताना सतत जाणवते ते हे की, या लेखकाला ऐकण्याची तहान आहे. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणकाराकडून त्यांनी तळ्याकाठचे पक्षी समजून घेतले. वनवासी माणसांकडून शब्द आणि समजुती गोळा केल्या. कावळ्यांच्या वसतिस्थानाला 'काकागार' आणि बगळ्यांच्या विणीच्या जागेला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. मुलाच्या वयात ओळखीचे पहिले साधन नाव हेच असते. चितमपल्ली यांचे सारे कोशकार्य म्हणजे त्या मुलाचा हट्ट वृद्धपणापर्यंत टिकविण्याचाच प्रयत्न म्हणावा लागेल.

त्यांच्या लेखनाची मर्यादाही याच मुळातून उगवली आहे. ऐकलेले आणि पाहिलेले यांच्यातील सीमा ते नेहमीच आखीत नाहीत. जुन्या ग्रंथातील वचन, वनवासी माणसाची समजूत आणि स्वतःचे निरीक्षण ही तिन्ही एकाच सुरात येतात, आणि शास्त्रीय वाचकाला कोणत्या आधारावर विसंबावे हे उमगत नाही. पण हा दोष सांगतानाच हेही सांगावयास हवे की, ते सारे कोणी तरी टिपून ठेवले नसते, तर पारखण्यासाठीही काही उरले नसते. चितमपल्लींचे गद्य हे आपल्या गुरूंची नावे घेणारे गद्य आहे, आणि हा गुण निसर्गलेखनात वाटतो तितका सामान्य नाही.

खेड्यातील बालपण ही या वाङ्मयाची अटळ अट आहे काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. दुर्गा भागवत यांचे १९५६ सालचे 'ऋतुचक्र' हे त्याचे उत्तर आहे. इंदूरला जन्मलेल्या आणि मुंबईत वास्तव्य केलेल्या या विदुषीने बारा महिन्यांच्या निसर्गाचे जे सूक्ष्म दर्शन घडविले, त्याला तोड नाही. गुरामेंढरांमागे गेलेले बालपण त्यामागे नाही. लोकसंस्कृतीचा व्यासंग आणि शिस्तीने पाहणारा डोळा त्यामागे आहे. मात्र दोन ग्रंथांतील भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. 'ऋतुचक्रा'त झाडे, फुले, आकाश आणि पाऊस यांचे राज्य आहे; तो पाहिलेला निसर्ग आहे. 'बनगरवाडी'तला निसर्ग पाहणाऱ्यावरही नजर ठेवून असतो. त्यात दात आहेत, भूक आहे, आणि माणूस हा त्याचा प्रेक्षक नसून एक वाटेकरी आहे. रानातले बालपण जे देते आणि व्यासंग जे देऊ शकत नाही, ते बहुधा हेच. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'मध्ये (१९५८) मुंबईत आयुष्य वेचून म्हातारपणी राजमाचीला परतलेला बुधा पशुपक्ष्यांशी सख्य जोडतो. ती कादंबरी रसाळ आहे, परंतु तेथे आस्थेने ओळखीला झाकून टाकले आहे. बुधाचे रान त्याला क्षमा करीत असल्यासारखे वागते. खऱ्या माळावर वाढलेल्या मुलाला रानाच्या या दयाळूपणाचा भरवसा वाटणार नाही.

यापलीकडे एक अधिक अवघड बाब आहे, आणि समीक्षेने ती टाळू नये. कॉर्बेट यांना जंगलाचे धडे देणाऱ्यांत कुंवरसिंग हा गावकरी होता, आणि तो चोरटी शिकार करणारा म्हणून ओळखला जाई. तेच जंगल, तीच बंदूक. पण राज्यकर्त्यांच्या मुलाने मारले तर तो खेळ, आणि कुंवरसिंगाने मारले तर तो गुन्हा. ग्रंथ लिहिला तो कॉर्बेट यांनी. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तो आवश्यक होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. सोलापूरच्या माळावरचा माळढोक आज दृष्टीस पडणे किती दुर्मीळ झाले आहे, एवढे आठवले तरी पुरे. पण त्या कायद्याने फासे आणि गलोली यांतून शिकणाऱ्या बालपणाला अपराधाची छाया लाभली, हेही तितकेच खरे. ओळख ज्यांच्यापाशी होती त्यांना लिहिता येत नव्हते; ज्यांना लिहिता येत होते त्यांनी ती ओळख त्यांच्याकडून उसनी घेतली. आमच्या वन्यजीवनविषयक वाङ्मयाचा पाया या उसनवारीवर उभा आहे.

परिस्थिती आता पालटली आहे. मेंढरांमागे जाणाऱ्या घरांतली, पारध्यांच्या पालांतली, वनपाड्यांतली मुले शाळेत येऊ लागली आहेत, आणि त्यांतील काही लिहितील. त्यांच्या लेखनात फासा असेल, भाजलेल्या तित्तराची चव असेल, वनरक्षकाची भीती असेल, लांडग्याविषयी राग असेल. रूढ अर्थाने 'निसर्गप्रेम' कदाचित पुष्कळ उशिरा येईल, कदाचित येणारही नाही. समीक्षेने जर आरंभीच प्रेमाची पावती मागितली, तर हे लेखक एक तर गप्प बसतील किंवा शहरी वाचकाला रुचेल असा गोडवा उसना आणतील. दोन्ही प्रकारांत मराठीची हानी आहे. दुसरीकडे माळ नांगराखाली येत आहेत, गुराखी मुलांची संख्या घटत आहे, आणि पाखरांची गावोगावची नावे बोलणाऱ्यांबरोबर नाहीशी होत आहेत. ज्या पिढीला ओळखही आहे आणि अक्षरही आहे, अशी पिढी फार काळ उपलब्ध राहील असे दिसत नाही.

तेव्हा या वाङ्मयाकडे पाहण्याची कसोटीच बदलावयास हवी. लेखकाने प्राण्यांवर किती प्रेम केले, हे विचारण्याऐवजी त्याला ते किती नेमके ठाऊक होते, ते ज्ञान त्याने कोणाकडून आणि कोणत्या किमतीला मिळविले, आणि त्या ज्ञानात पडलेला खंड त्याने लपविला की उघडा ठेवला, हे विचारणे अधिक उचित ठरेल. 'जंगल लोअर' आणि 'सत्तांतर' हे ग्रंथ या प्रश्नांना निर्भयपणे सामोरे जातात, म्हणूनच ते टिकून आहेत. चितमपल्लींचे ग्रंथ त्यांतील दुसऱ्या प्रश्नाला कृतज्ञतेने उत्तर देतात, म्हणून त्यांचे ऋण मोठे आहे. यापुढे येणाऱ्या लेखकाच्या हाती गलोल दिसली, तर समीक्षकाने तिच्याकडे पाहून नाक मुरडू नये. त्या गलोलीने त्याला पाखराच्या किती जवळ नेले, ते आधी वाचावे.